दुकानाची वेबसाइट आणि दोन जावा

३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. ह्यांचा गुडघा सोडला तर आम्ही सगळे ठीक आहोत.

रविवारी फोनवर आपलं जे झालं ते सासूबाईंनी ऐकलंच. नंतर त्यांनी मला वेगळा फोन करून बजावलं की वेबसाइटबद्दल दोघी सुनांनी आता तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. काय असेल ते कागदावर लिहायचं, कारण लिहिताना माणूस निदान वाक्य संपेपर्यंत तरी विचार करतो. म्हणून हे पत्र.

तू दुकानाची साइट नव्याने लिहिणार, ह्याचा मला राग नाही. ती बातमी मला भाऊजींकडून, म्हणजे तुझ्याच नवऱ्याकडून कळली, आणि तीही सासूबाईंच्या दाढेची चौकशी झाल्यावर, जाता जाता. ते लागलं. शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं आपलं दुकान त्या बाजारात सगळ्यांआधी इंटरनेटवर आलं ते माझ्यामुळे. चौदा वर्षांपूर्वी दुकानामागच्या खोलीत, सुयांच्या खोक्यांवर कीबोर्ड ठेवून, एका जाडजूड पुस्तकावरून मी पीएचपी शिकले. तीच का, असं तू विचारलंस. कारण सगळ्यात स्वस्त सर्व्हरवर ती चालायची, आणि चूक झाली तर ओळ सुधारून पान परत उघडलं की झालं. लोक तिला गावठी म्हणतात. म्हणोत बापडे. नऊ हजार भागांचा गाडा तिने चौदा वर्षं ओढलाय.

दुकान सोडून इथे आल्यापासून मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नळजोडणीचे अर्ज भरते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना माझ्याबद्दल एवढंच माहीत आहे की माझं अक्षर चांगलं आहे.

कोणती भाषा घेणार ते तरी कळव. भाऊजी म्हणाले की घरात दोन जावा आधीच आहेत, तेव्हा जावा नावाची भाषा तेवढी आणू नकोस, एवढीच अट त्यांनी तुला घातलीय. ह्या वेळी मात्र मला हसू आलं.

लोभ आहेच. तुझ्या बाजूने उरला असेल तर कळव.

तुझी,
वहिनी

१० फेब्रुवारी

ती. स्व. सौ. वहिनींना,

सा. न. वि. वि. बातमी मी स्वतः द्यायला हवी होती. रोज उद्या सांगू म्हणत राहिले, कारण तुम्ही काय म्हणाल ह्याची धास्ती होती. माफ करा.

भाषेचं सांगते. आधी मी रिअॅक्ट हे जावास्क्रिप्टचं नवं साधन घेतलं होतं. त्यात पान नुसतं नाचतं. दोन आठवडे खपून पहिलं पान केलं आणि मिरवत मिरवत आपल्या रस्त्यावरच्या तीन शिंप्यांना दाखवायला गेले. त्यांचे फोन जुने, एकाची काच तडकलेली. पान उघडायला इतका वेळ लागला की तेवढ्यात एकाने शर्टाची कॉलर कापून बाजूला ठेवली. वर विचारलं, आलं का गं तुझं? तिथेच ते सोडलं. आता पानं सर्व्हरवरच तयार होऊन साधी सरळ येतील, आणि जावास्क्रिप्ट फक्त शोधण्याच्या चौकटीपुरती. सर्व्हरवर पायथन. नोकरीत रोजचा हात बसलाय, आणि उद्या मी आजारी पडले तर दुसऱ्या कुणालाही तो कोड वाचता येईल.

एक विचारायचं होतं. तुमच्या डेटाबेसमध्ये भाग क्रमांकाचा रकाना आकड्यांचा नाही, मजकुराचा आहे. हे मुद्दाम की चुकून? आकडा ठेवला तर क्रम लावणं सोपं जाईल. मूळ कोड तुमच्याकडेच आहे, तो पाठवाल का? तुम्ही त्यात मराठीत टिपा लिहिता असं हे सांगतात. वाचायची फार उत्सुकता आहे.

सासूबाईंची दाढ काढली. खोकं चुकीच्या फळीवर ठेवलं की थोरली असती तर असं झालं नसतं हे त्या आता बोबडं म्हणतात, पण म्हणतातच.

तुमच्या मायेची वाट पाहणारी,
धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. पत्र पोचलं. खरं सांगू? तू काहीतरी चकचकीत घेऊन बसशील आणि मला बोलायला जागा राहील, असं मी धरून चालले होते. शिंप्यांच्या दारात फोन घेऊन जाणं मला चौदा वर्षांत सुचलं नाही. बरं झालं, तुला सुचलं.

कोड आज पाठवलाय. टिपा वाचून हसू नकोस. जरा साफसफाई करून पाठवलाय, पाहुण्यांसमोर घर आवरतो तशी.

रकान्याचं काय विचारतेस मला! तुम्ही शिकलेली माणसं. आकड्याला आकडा म्हणायचं की अक्षर, ते तुम्हालाच जास्त कळणार. तुला योग्य वाटेल तसं कर.

सासूबाईंना मऊ खायला घाल.

आहे तेवढा जीव लावणारी,
वहिनी

२८ मार्च

ती. स्व. सौ. वहिनींना,

सा. न. वि. वि. साइट सोमवारी सुरू झाली! कुणी शटलला सटल लिहो की शटर, बरोबर भागच पुढे येतो. शिंप्यांच्या तडकलेल्या फोनवरही पटकन उघडते. सासूबाई गल्ल्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवतात, सुई घ्यायला आलेल्याला सुद्धा.

पहिली मोठी ऑर्डर कुणाची असेल? तुमच्या तिकडच्या त्या पडदेवाल्या बाईंची. सहा मोठ्या मशीनची सहा शटल, जुन्या भागावरून त्यांनी लिहिलेला क्रमांक ०३१७. इस्पितळाच्या तीनशे पडद्यांचं काम मिळालंय त्यांना. आजच पार्सल गेलं.

वहिनी, तुम्ही पाया घातलात म्हणून मला भिंत उभारता आली. हे तोंडदेखलं नाही.

तुमच्या दोन ओळींसाठी आसुसलेली,
धाकटी

४ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. अभिनंदन.

सासूबाईंचा फोन आला होता. अकरा मिनिटं तुझंच कौतुक चाललं होतं. घड्याळ समोरच होतं म्हणून कळलं. चौदा वर्षांत माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, की चालू आहे ना, मग झालं.

पत्र लहान आहे. कार्यालयात काम फार आहे.

वहिनी

२१ एप्रिल

ती. स्व. सौ. वहिनींना,

सा. न. वि. वि. कसं लिहू कळत नाही.

पडदेवाल्या बाईंना गेलेली सहाही शटल चुकीची निघाली. ती घरगुती मशीनची होती, क्रमांक ३१७. त्यांना हवं होतं ०३१७. मी रकाना आकड्यांचा केला, तर यंत्राने पुढचं शून्य टाकून दिलं, आणि दोन वेगळे भाग एकाच खणात जाऊन पडले. दिसायला जुळ्या बहिणी. त्यांच्या मेकॅनिकने सहाही मशीनवर ती बसवली. सुया मोडल्या, मशीन अडकल्या. बरोबर भाग जाईपर्यंत मुदत टळली आणि पडद्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं. बाईंना शिवणाऱ्या दोघींना घरी पाठवावं लागलं.

बाई फोनवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूबाईंनी गिऱ्हाइकांना साइट दाखवणं बंद केलं. काल एवढंच म्हणाल्या की थोरलीच्या साइटवर असं एकदाही झालं नव्हतं.

त्यांचं बरोबर आहे. मी जुनी साइट परत लावते आणि ह्या कामातून अंग काढून घेते. तुम्हीच सांभाळा.

आपली,
धाकटी

२५ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. जुनी साइट लावू नकोस. आधी हे वाच.

थोरलीच्या साइटवर असं झालं होतं. अगदी असंच, पहिल्याच वर्षी. माझीही शून्यं गळाली होती. पार्सल बांधताना माझ्या लक्षात आलं, मी रकाना मजकुराचा केला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिथे टीप लिहिली होती, की हा आकडा समजू नये, पुढचं शून्य गळतं, माझा एकदा हात पोळलाय.

तुझं पत्र आल्यावर मी ती ओळ खोडली आणि मग कोड पाठवला. तू सरळ विचारलंस, तेव्हा तिरकं उत्तर दिलं. पहिल्यांदा मनाला समजावलं की माझी फजिती तुला कळू नये, एवढंच. पण ते पुरतं खरं नाही. तू एकदा तरी ठेचकाळावंस असं मला वाटत होतं. बाईंची ऑर्डर ०३१७ ची आहे हे तुझ्या मार्चच्या पत्रात वाचलं, तेव्हाच काय होणार ते मला कळलं. एक फोन केला असता तर पार्सल वाटेतून परत फिरलं असतं. मी केला नाही. दोन-तीन दिवसांनी सासूबाईंची ती अकरा मिनिटं ऐकली आणि मग तर मुळीच केला नाही.

मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या शिक्षणाचा, तुझ्या हाताच्या वेगाचा, तू त्या घरात आहेस आणि मी इथे अर्ज भरते ह्याचा. दुसऱ्या कुठल्या शब्दाने हे झाकता येत नाही.

लोभ असावा, असं लिहायचं तोंड मला राहिलेलं नाही.

वहिनी

३० एप्रिल

ती. स्व. सौ. वहिनींना,

सा. न. वि. वि. मला माहीत होतं.

सतरा तारखेला सासूबाईंच्या कपाटात तुमच्या कोडची जुनी छापील प्रत सापडली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. फरक एका ओळीचाच होता. एकवीसचं पत्र लिहिताना मला ते माहीत होतं. तुम्ही स्वतः लिहिता का, ते पाहायचं होतं. पत्र पेटीत टाकलं आणि रडले, तुमच्यासाठी की माझ्यासाठी कोण जाणे. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आता माझंही ऐका. साइट नव्याने लिहायची तेवढी निकड नव्हती. तुमची चालत होती. पण दुकानात जिकडे पाहावं तिकडे तुमचीच सही. खोक्यांवर तुमचं अक्षर, साइटवर तुमचे शब्द, सासूबाईंच्या तोंडी तुमचंच नाव. निदान एक जागा तरी माझी असावी असं वाटलं. म्हणजे हेव्यात मी काही मागे नाही. पण मी कुणाची ओळ खोडली नाही.

राग आहे. जायला वेळ लागेल.

मी काम सोडत नाही. साइट पायथनमध्येच राहील, कारण दुकानाला तेच सोयीचं आहे. तुमचं मन राखायला अर्धी पीएचपी मी ठेवणार नाही. रकाना मजकुराचा केलाय. जुन्या सर्व्हरचा पासवर्ड अजून तुमच्याकडे आहे, तो मला हवा. आणि पडदेवाल्या बाईंकडे तुम्ही स्वतः जा. फोन नको.

धाकटी

१२ मे

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. पासवर्ड वेगळ्या पाकिटात पाठवलाय. पाकीट बंद करायला अर्धा दिवस लागला. पोचला की लगेच बदल.

काल रजा काढून पडदेवाल्या बाईंकडे गेले. पत्र्याखाली सहा मशीन आहेत, दोन झाकलेल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं की चूक धाकटीची नाही, माझी. तिने विचारलं होतं, मला माहीत होतं आणि मी ती ओळ खोडून ते दडवलं. ओळ म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही. दडवलं हे बरोबर कळलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या की झाकलेल्या मशीनवर बसणाऱ्या दोघी जोवर परत येत नाहीत, तोवर त्या मला माफबिफ करणार नाहीत. त्या दोघींचे पत्ते मी घेतलेत. आमच्या कार्यालयाला खिडक्यांचे पडदे शिवून घ्यायचे आहेत, तिथे बाईंचं नाव दिलंय. मिळेल का, ठाऊक नाही.

निघताना त्यांनी विचारलं की साइटवरची ती शोधायची चौकट कुणी केली. मी म्हटलं, धाकटीने. तर म्हणाल्या की त्यांना लिहिता जेमतेम येतं. चौदा वर्षांत एकदोनदा सोडलं तर त्या आपल्या साइटवर गेल्याच नव्हत्या, शेजारणीकडून फोन करवून घ्यायच्या, कारण एक अक्षर चुकलं की पान कोरं यायचं आणि लाज वाटायची. मार्चमध्ये पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने, जसं बोलतात तसं लिहिलं आणि शटलचं चित्र समोर आलं. इतकं सगळं होऊनही त्या साइटवरूनच मागवणार म्हणतात. जिने ती चौकट केली, तिने माझ्यासारखीचा विचार केला असणार, असं त्या म्हणाल्या.

ते कोरं पान माझं होतं. चौदा वर्षं ते कुणाला तरी लाजवत होतं आणि मला खबर नव्हती. बसमध्ये बसल्यावर तुझा हेवा कमी झाला असेल असं तुला वाटेल. नाही झाला. वाढला. फक्त आता तो कशाचा ते मला नीट माहीत आहे.

बाई जे बोलल्या ते सगळं वर उतरवलंय, माझ्या गैरसोयीचं तेही. हे पत्र सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. पंचवीस तारखेचंही. आधी माझी करणी, मग तुझं कौतुक, ह्याच क्रमाने. मधे थांबू नकोस.

राग संपेपर्यंत वाट पाहणारी,
वहिनी