पाहुण्याला गेलेला छातीचा तुकडा

आदरणीय कालिपा एजे,

सुसामिरच्या कुरणावरून तुझ्या धाकट्या भावाचा सलाम. तुझे गुडघे, तुझ्या मेंढ्या आणि भावजी (याच क्रमाने) सुखरूप असावेत. इकडे घोड्या भरपूर दूध देतायत, गवत बरं आहे, तुझ्या भावजयीची, तुर्सुनायची कंबर होती तशीच. माझं विचारशील तर झोप उडाली आहे, कारण आमच्या तंबूत एक माणूस आहे.

नाव एल्दियार, राहणार बिश्केक. म्हणतो, प्रवाशांनी आपल्याकडे काय काय खावं-प्यावं त्याची यादी करतोय, छापून येणार आहे. कोण छापणार, विचारलं तर हसला. (प्रश्नाला हसून उत्तर देणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही.) घोडीच्या दुधाचा आंबट कुमीस प्यायला, वहीत लिहिलं. साय खाल्ली, लिहिलं. आधी वाटलं, पलीकडच्या तंबूतल्या ओरोझनेच याला पेरलाय, आपण कुमीसची कातडी पिशवी कोणत्या लाकडाचा धूर देऊन तयार करतो ते काढून घ्यायला. म्हणून मी धडधडीत खोटं लाकूड सांगितलं. तेही लिहिलं! मग तुर्सुनायचा दोन वर्षांपूर्वीचा कुरुत पुढे केला. एजे, तो वाळका दह्याचा गोळा आपला कुत्रासुद्धा हुंगून सोडतो. हा तासभर चोखत बसला आणि म्हणतो, "काकू, असा कुरुत जन्मात खाल्ला नाही!" तिथेच मी ओळखलं की याला कुरुताशी काही कर्तव्य नाही. आपले पदार्थ मोजून सात, आणि स्वारीला आज नववा दिवस. आमची बेगीमाय कुमीस घुसळायला बसली की याला नेमकं घुसळण्याबद्दलच लिहायचं असतं. पोर बिचारी मान वर करत नाही.

शेवटी परवा निरोपाची मेंढी कापली. ओरोझला बायकोसकट बोलावलं (साक्षीदार असलेले बरे). बेत असा, की पाहुण्याला मानेचं हाड वाढायचं, म्हणजे आपली पायरी ओळखून चालता होईल. बेगीमायने ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. ओरोझला मी मांडीचं हाड दिलं, आणि हा वहीत काय खरडतोय ते बघता बघता वरचा तुकडा उचलून याच्यापुढे ठेवला. ओरोझचा घास हातातच राहिला. बघतो तर छातीचा तुकडा! जावयाचा वाटा! "अरे लबाडा," ओरोझ ओरडला, "सोयरीक ठरवलीस आणि शेजाऱ्याला पत्ता नाही?" त्याच्या बायकोने तर हात पसरून दुआसुद्धा मागून टाकली. वाढलेलं उचलून थोडंच घेता येतं? पाहुणा कानापर्यंत लाल झाला, पण तुकडा संपवला. वहीत मात्र अक्षर लिहिलं नाही, पहिल्यांदाच. हे तुझंच काम, असं तुर्सुनायला म्हटलं, तर म्हणते, "अहो, हात तुमचा होता की माझा?"

आतापर्यंत अकरा तंबूंतून अभिनंदन आलंय. मला तुर्सुनायचा संशय आहे, ओरोझचा आहे, त्या मेंढीचाही आहे. फक्त बेगीमायचा नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. माझ्या हाताच्या एका चुकीने पोरीचा जन्म बांधला गेला की काय?

लोभ आहेच, तो असू दे.

तुझा जुमादिल

ता. क. तू ये. पोरीला एकटीला घेऊन विचार. नको म्हणाली, तर सगळ्या कुरणाला जेवायला बोलावून सांगेन की मला दिसत नाही, हाडं ओळखता येत नाहीत, हसा काय हसायचं ते. मला स्वतःला विचारवत नाही. हो म्हणाली तर काय करू?

ता. क. २ पत्र दुधाच्या ट्रकवाल्याकडे द्यायला बेगीमायच्या हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. या घरात विश्वासाची ती एकटीच उरली आहे.

ता. क. ३ आत्या, लवकर ये, आणि बाबांना आंधळं होऊ देऊ नकोस. मानेचं हाड मीच ताटाच्या तळाशी दडवलं होतं.
बेगीमाय