आपांच्या गिरणीला सील

४ डिसेंबर
हमीदाआपांना टपालानं इंग्रजी कागद आलाय. गिरणीवर घेऊन आल्या. "दत्ता, बघ रं काय हाय." मला एकच शब्द लागला, एनिमी. भात भरडायचं चालू होतं, दोघंही ओरडून बोलत होतो.

५ डिसें.
कर्जतला वकिलांकडे. गिरणी अजून आपांच्या वडलांच्या नावावर. ते कराचीला गेले तेव्हा आपा सात वर्षांच्या. आई गेली नाही, भिसेगावात राहिली. आधी तिनं गिरणी चालवली, मग आपांनी. पण कागदावर मालक पाकिस्तानी, म्हणून शत्रू संपत्ती. पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हाचा कायदा. वारस इथला असला तरी हक्क नाही म्हणे.
मी विचारलं, "मग एवढी वर्षं?"
"आता यादी काढतायत."
रिक्षातून उतरताना आपा म्हणाल्या, "बापाचा चेहरा पण नीट आठवत नाय."

१७ डिसें.
मुंबईच्या शत्रू संपत्ती कार्यालयाचे दोघं येऊन मोजणी करून गेले. साहेब सभ्य. मला विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, चालवणारा. सत्तावीस वर्षं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

९ जानेवारी
सील. पोलीस होते. आपा बाहेर खुर्चीवर, मी उभा. आत लोकांची पोती होती, अकरा. साहेबांना सांगितलं, ही गिरणीची नाहीत. म्हणाले, "पंचनामा झालाय. अर्ज करा." मशीनचा पट्टा तरी सैल करून ठेवायला हवा होता. सुचलंच नाही.

१० जाने.
सकाळीच ठाकरवाडीची सोमीबाई. तिची दोन पोती आत. लेकीच्या लग्नाचा भात, पुढच्या आठवड्यात हळद. सील बघून खाली बसली.
"आमचा काय संबंध ओ?"
घरचा तांदूळ देतो म्हटलं. म्हणाली, "तुमचा नको. माझा द्या."

१८ जाने.
लग्न झालं. तांदूळ उधारीचा. मला बोलावणं होतं, गेलो नाही. तोंड कसं

२ फेब्रुवारी
लोक आता चौक गावाला नेतात भात. तिथला गिरणीवाला कामाला बोलावतोय. बायको म्हणते, जा. आपांना अजून बोललो नाही.

६ फेब्रु.
आपांना घेऊन मुंबई. लोकांची पोती परत द्या, गिरणी निदान भाड्यानं चालवू द्या, असा अर्ज. छापील फॉर्म, भरायला मी. नाव, वय, पत्ता. पुढचा रकाना, शत्रूशी नाते. पेन थांबलं. आपांनी विचारलं, "काय मागतायत?" वाचून दाखवलं. रांगेतले बघत होते. आपांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.
"लिही ना. मुलगी."
लिहिलं. खाली त्यांनी मराठीत सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.
पोच मिळाली. कधी कळेल विचारलं, तर खिडकीतला म्हणाला, कळवू.