खुंट्यांखालची ओल

६ मे. एल तेकोलोते.
पोचलो. कोआविलाच्या या वाळवंटात बारा वर्षं जमिनीखालचं पाणी शोधत हिंडतोय, पण असं स्वागत कुठे झालं नव्हतं. सतरा घरं, दोनशे शेळ्या, एक आटलेली विहीर आणि दारोदारी हसरी माणसं. डोन्या फिलोमेनाकडे उतरलोय. तिने राजमा, निवडुंगाची भाजी आणि मक्याच्या गरम पोळ्या, तोर्तिया, वाढल्या. आधीचा पाणाड्या काठी घेऊन फिरायचा, पाणी त्यालाही सापडलं नाही पण तो तुमच्यापेक्षा कमी जेवायचा, असंही ऐकवलं. गावाचे पुढारी डॉन अबुंदियो मात्र हसले नाहीत. महिनाअखेर टँकर बंद होणार, तोवर पाणी लागलं नाही तर गाव उठेल, म्हणाले. गेल्या वर्षी मी दाखवलेल्या जागी एका गावात कोरडं भोक पडलं. तिथली माणसं आता शहरात विटा वाहतात. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

८ मे.
काम सुरू. ओळीने लोखंडी खुंट्या ठोकायच्या, जमिनीत वीज सोडायची आणि ती किती अडते ते मोजायचं. कोरडा दगड तिला अडवतो, ओल जाऊ देते. इथली माती इतकी वाळलेली, की खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतल्याशिवाय वीज आत शिरतच नाही. माझं मीठ दुपारीच संपलं. डॉन अबुंदियोंनी शेळ्यांना चाटायला ठेवलेले मिठाचे खडे आणून दिले.
"घ्या, इंजिनिअर साहेब. आधी जमिनीला चाटू दे, शेळ्या थांबतील."
सगळे हसले, मीही हसलो. संध्याकाळपर्यंत साठ मीटरवर ओल दिसली. भरपूर.

९ मे.
तीच ओळ पुन्हा मोजली. ओल चाळीस मीटरवर. पाणी एका दिवसात वीस मीटर चढत नाही. यंत्र तपासलं, ठणठणीत आहे. वीज इतकी सहज जाते म्हणजे खाली गोडं पाणी नसून खारट काहीतरी असू शकतं. हे अहवालात लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. 'गोडे पाणी' असं लिहून सही केली.
खुंट्या उपटताना प्रत्येकीच्या टोकाला चिकट तार आली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. हात तीनदा धुतले. वास जात नाही. एवढं मीठ सांडलंय, पण शेळ्या तिकडे फिरकत नाहीत.

१४ मे.
बोअरवाल्या इलारियोने यंत्र लावलं. बावीस मीटरवरच पाणी आलं. कोमट, फेसाळ. डोन्या फिलोमेना रडली. पहिला पेला मला दिला. सगळे बघत होते. बुळबुळीत घोट, दुसऱ्या कुणाच्या तोंडात फिरून आलेला. गिळला. मग भिंतीआड जाऊन ओकलो.
इलारियो जेवायला थांबला नाही. दगड लागलाच नाही म्हणाला, सुरी मांसात जावी तसं यंत्र खाली गेलं.

१६ मे.
नव्या पाण्यात मळलेलं मक्याचं पीठ तासाभरात पातळ होतं आणि गोड लागतं, असं डोन्या फिलोमेना कौतुकाने सांगत होती. मी वाटीत तोर्तिया भिजवून पाहिली. विरघळली. चावलेल्या घासाचं होतं तसंच.
ती लाळ आहे. आम्ही मीठ चाटवलं आणि खाली जे काही आहे त्याला लाळ सुटली. गाव तीच पितंय.
डॉन अबुंदियोंना सगळं सांगितलं. ते म्हणाले,
"टँकर कालच नको म्हणून कळवलंय. आता लाळ म्हणा नाहीतर मूत म्हणा, साहेब. सही तुमचीच आहे."

१७ मे.
माती आता वरूनच ओलसर आहे. मीठ न ओतता मोजलं. अकरा मीटर. वर येतंय — मिठाशिवायही —
बोअरवरच्या पंपाभोवतीच्या चिखलात उभं राहणाऱ्यांचे तळवे पांढरे पडलेत. गुळगुळीत. एकही रेघ नाही. दुखत नाही म्हणतात. मला दाखवून हसतात.

१८ मे. दुपार.
चार मीटर. सगळं गाव पंपाशी रांगेत, अनवाणी. ओरडून सांगितलं — कोरडं भोक, खोटी सही, सगळं. डोंगरावर चला, तिथे दगड आहे. कोणी हललं नाही. डोन्या फिलोमेना हसली.
"कुठे जायचं, साहेब? पाणी तर इथे आहे."

दोन मीटर.

जमीन मऊ झालीय. रांग घोट्यापर्यंत आत — आता गुडघ्यापर्यंत — कोणी ओरडत नाही. डोन्या फिलोमेनाने बादली सरळ धरलीय, सांडू नये म्हणून —

मी ट्रकच्या टपावर. ती ट्रकपासून हातभर अंतरावर आहे, पण टपावरून हात पोचत नाही. उतरायला हवं. सही माझी.

उतरतोय. एक पाय टेकला. कोमट. तळव्याखाली काहीतरी खरखरीत, सावकाश —