तिसरा रकाना

१९ नोव्हेंबर
मंगळवार, सकाळचे अकरा

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. मीही ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं रडगाणं जुनंच. तुला विमा कचेरीत बढती मिळाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. अभिनंदन! हे फोनवर म्हणता आलं असतं, पण फोनचं काय झालंय ते पुढे लिहिते.

तुला ती दुपार आठवते का? आठवण्यासारखं काही घडलं नव्हतं म्हणा. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तुझे काका डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडून बसले होते. मी काउंटरवर मटार सोलत होते. तू स्टुलावर पाय वर घेऊन, व्हिडिओ गेमची ती राखाडी डबी हातात धरून टकटक करत होतीस. मी म्हटलं, "एवढी घोडी झालीस, अजून खेळतेसच?"

"खेळत नाहीये गं मावशी, गाणं लिहितेय," असं म्हणून तू इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलंस.

तू आमच्याकडे राहायचीस, तरी तोवर तुझं संगीत मी भिंतीपलीकडूनच ऐकलं होतं. मला वाटायचं, डासांनी गाण्याचा क्लास लावलाय. त्या दुपारी पहिल्यांदा मला खालचा आवाज ऐकू आला. जाड, सावकाश, जणू कुणी मोठं माणूस मुलांच्या घोळक्यामागून शांतपणे चालत येतंय. हातातली शेंग हातातच राहिली. मी विचारलं, "हा कुठे लपला होता?"

तू म्हणालीस, "तो नेहमीच असतो. डबीच्या स्पीकरला झेपत नाही, म्हणून तुला ऐकू येत नाही."

मग गिऱ्हाईक आलं आणि मी इअरफोन काढून ठेवला. सगळं मिळून अर्धं मिनिट. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता फोनचं. माझा उजवा कान गेला आणि डावा निघायच्या तयारीत आहे. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून दाखवला. रेघ घसरगुंडीसारखी खाली आलेली. मी म्हटलं, "म्हणजे शेजारणीची बडबड वाचली." त्या हसल्या नाहीत. फोनवर मी 'हो हो' म्हणते तेव्हा मला निम्मं कळलेलं नसतं, म्हणून हे पत्र. आईला एवढ्यात सांगू नकोस. ती फोनवर आणखी मोठ्यांदा ओरडेल.

आता एक गंमत. गेली सहा वर्षं मी घड्याळांबरोबर तुझ्या डबीसारख्या डब्याही दुरुस्त करते! खोटं नाही. डब्यांवर गाणी रचणाऱ्या तुझ्या मंडळींतला तो दाढीवाला एक दिवस दुकानात आला. मला ओळखलं नाही त्याने. त्याच्या डबीची इअरफोनची खोबण तुटली होती. म्हणाला, "बाई, एवढं बारीक काम दुसरं कोण करणार?" मी केलं. मग त्याचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले. आता मी जुन्या डब्यांना पडद्यामागून उजेड देते. आवाज कमी-जास्त करायच्या चकतीआधीच दोन तारा बाहेर काढून बाजूला नवी खोबण बसवते, म्हणजे खरखर न मिसळता आवाज स्वच्छ बाहेर येतो. खालचासुद्धा. पहिल्यांदा असा आवाज काढला तेव्हा मी डिंकाची बाटली उघडी टाकून तासभर नुसती ऐकत बसले.

खारूताई, काय वस्तू आहे गं ही! आत कुठलंही वाद्य नाही. नुसतं 'आहे' आणि 'नाही', 'आहे' आणि 'नाही', इतक्या वेगाने की त्याचा सूर होतो. आणि तुला एक सांगू? काकांच्या सेलवाल्या घड्याळांत जो स्फटिक असतो, तो सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. तसलाच एक स्फटिक या डबीतही आहे. तो थरथरतो एक्केचाळीस लाख चौऱ्याण्णव हजार तीनशे चार वेळा. मी कागदावर भागाकार केला. बरोबर एकशे अठ्ठावीस पट, बाकी शून्य. पुन्हा केला, पुन्हा शून्य. घड्याळ आणि ही डबी सख्खी भावंडं आहेत! हे ऐकायला काका हवे होते. त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं असतं आणि "काय सांगतेस?" एवढंच म्हटलं असतं.

शिवाय डबीत आवाज चारच. शाळेत सिस्टर आम्हांला चार आवाजांत गायला शिकवायच्या. मी तिसऱ्या आवाजात होते. आम्हां तिसऱ्या आवाजवाल्यांना चाल अशी मिळायचीच नाही, एकाच सुरावर खांबासारखं उभं राहायचं. मी कुरकुर केली तर सिस्टर म्हणाल्या, "बाळ, तू गातेस ते कुणाच्या लक्षात येणार नाही. पण तू गप्प बसलीस की सगळ्यांच्या लक्षात येईल." तुझा तो खालचा आवाज डबीत तिसऱ्याच रकान्यात लिहितात, हे मला दाढीवाल्याकडून कळलं. मी हातातलं काम खाली ठेवलं. तो म्हणाला, "बाई, पाणी देऊ का?"

बघ, मी किती लांबून फिरून येतेय.

अकरा वर्षांपूर्वी एका शनिवारी तू कार्यक्रमात वाजवणार होतीस. त्याआधीच्या मंगळवारी, डबीत खुपसतात ती तुझ्या गाण्यांची कॅसेट माझ्याकडे ठेवलीस. म्हणालीस, "आतला सेल संपत आलाय. शुक्रवारी दाढीवाल्याकडे नेणार आहे, तोवर ही जपून ठेव." काकांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. गिऱ्हाईकं दाराशी येऊन "मालक नाहीत का?" असं विचारून परत जायची. मला वाटलं, निदान तुला तरी दाखवावं की दुकान आता मी चालवते. शिवाय सेल बदलणं म्हणजे काय? आयुष्यात हजारो बदलले असतील. घड्याळ थांबतं, जुना सेल काढायचा, नवा घालायचा, वेळ लावून द्यायची. घड्याळाला कालचं काही लक्षात ठेवायचं नसतं.

कॅसेटला असतं. ते मला ठाऊक नव्हतं. तुझी दोन वर्षांची सगळी गाणी त्या सेलच्या जिवावर जागी होती. मी गुरुवारी दुपारी जुना काढला, त्याची जागा कापसाने स्वच्छ पुसली आणि सावकाश, सुबक डाग देऊन नवा बसवला. इतकं नीट काम मी कधी केलं नव्हतं.

शुक्रवारी तू डबी चालू केलीस आणि गाण्यांच्या रिकाम्या यादीकडे बघत राहिलीस. मी म्हटलं, "मी नवा सेल घातला गं, पण जुना आधीच संपलेला होता." तू म्हणालीस, "माझीच चूक. दोन महिने टाळलं मी." उलट मलाच म्हणालीस, "तू कशाला वाईट वाटून घेतेस?" आणि माझ्यासाठी चहा ठेवलास.

तू आत गेल्यावर मी जुना सेल मीटरला लावला. पावणेतीन व्होल्ट. अजून कित्येक महिने चालला असता.

शनिवारी तू गेली नाहीस. महिन्याभरात नोकरी धरून दुसऱ्या गावी गेलीस, आणि नंतर गाण्याची एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. सगळे म्हणाले, पोरगी शहाणी झाली, मार्गाला लागली. मीही मान डोलावली. अकरा वर्षं डोलावतेय. पुढे दाढीवाल्याने मला सेल बदलायची रीत दाखवली. आधी दुसरीकडून दोन तारांनी वीज चालू ठेवायची, मगच जुन्याला हात लावायचा. दोन तारा! त्या माझ्या खणातच पडलेल्या होत्या.

क्षमा माग म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही, आणि तू ती केलीच पाहिजेस असंही नाही. पण तुझ्या हातून काही निसटलं, असं मनाशी धरून तू तिथे फायली चाळत बसावंस, हे मला आता सोसत नाही. तू काही टाळलं नव्हतंस. शुक्रवार ठरलेला होता. मी गुरुवारी हात घातला.

तुझं एक गाणं मला पाठ आहे. पायऱ्या चढून गेल्यासारखं सुरू होतं आणि मध्येच एक पायरी चुकवतं, ते. दोन वर्षं रोज संध्याकाळी भिंतीतून ऐकलंय. ते मी तुझ्या डबीत परत लिहिलं. एका पानावर सोळा घरं, आणि डबीच्या मोजणीत नऊनंतर दहा नाही तर 'ए' येतो, हे अंगवळणी पडायलाच हिवाळा गेला. दाढीवाला म्हणायचा, "बाई, तुमच्या वयाचे लोक शब्दकोडी सोडवतात." पहिला रकाना पुरा झाला. दुसराही झाला. चौथा, तो फस्स्-फस्स् ताल, मला आता ऐकू येत नाही, म्हणून तो मी स्पीकरवर बोट ठेवून जुळवला. बोटाला समजतो.

तिसरा होत नाही. तो मी त्या दुपारी अर्धं मिनिटच ऐकला. तो होता हे आठवतं, कसा होता ते आठवत नाही. मी तीन-चारदा काहीबाही भरून पाहिलं. खोटं वाटलं, पुसून टाकलं.

महिनाअखेरीस दुकान बंद करतेय. माझी सरावाची पिवळी डबी आणि कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली डाग द्यायची जुनी बंदूक दाढीवाल्याला. बंदुकीला तो बायको म्हणून हाक मारतो, तर घेऊन जाऊ दे. बारीक चिमटे आणि स्क्रूड्रायव्हरचा संच समोरच्या चष्मेवाल्याला, तो कधीपासून डोळा ठेवून आहे. काकांचं मनगटी घड्याळ तुझ्या आईला. किल्ली रोज सकाळी द्यायची, हे तिला बजाव. काकांचं भिंग माझ्याकडेच राहू दे.

तू इथेच टाकून गेलेली राखाडी डबी तुला. पडद्याला उजेड दिलाय, खोबण नवी आहे, इअरफोन मोठे घे. कॅसेटमधला सेल ताजा आहे, आणि गाण्याची एक प्रत दाढीवाल्याच्या संगणकावर ठेवलीय, माझ्या भरवशावर काही ठेवलेलं नाही. सोबत काड्यापेटीत कापसात गुंडाळलेला तो जुना सेल आहे. तोही तुझाच. ठेव किंवा फेक.

तिसरा रकाना रिकामा सोडलाय. भरलास तर एकदा इकडे ये. डावा कान तोवर थांबेल असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, पण मी स्पीकरवर बोट ठेवीन.

अकरा वर्षं गप्प बसलेली,
तुझी मावशी