पार्कच्या आतलं हॉटेल

कल्याण (प.)
९ एप्रिल २०२५

प्रिय ऋजू,

तुला, सलिलरावांना आणि पोरांना आम्हा दोघांचे आशीर्वाद. वर्तकनगरला उन्हाळा कसा आहे? इथे दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. अंतराची परीक्षा संपली असेल. अद्वयचा पुढचा दात पडल्याचं त्यानेच फोनवर सांगितलं. ‘स’ काही नीट येत नव्हता बिचाऱ्याला.

ठाणे-कल्याण एवढ्याशा अंतराला बाबा पत्र का पाठवतात, असं वाटेल. फोन लावला की आई शेजारी येऊन बसते आणि मेसेज आला की तीच मोठ्याने वाचून दाखवते. म्हणून हे.

मे महिन्यात पोरांना त्या मोठ्या पाळण्यांच्या पार्कला न्यायचं, त्या सहलीसाठी सलिलरावांनी तीन हॉटेलांची माहिती पाठवली. गुडघ्याचं कारण सांगून मी आधी टाळलं होतं. गुडघा बरा आहे.

तिन्ही हॉटेलं नीट पाहिली. पार्कच्या आतलं ते उंच हॉटेल नको. बाल्कन्या, समोर पाळणे आणि गर्दी फार. कॉटेजवालं दिसायला छान आहे, पण खोलीचं दार उघडलं की समोरच पोहण्याचा तलाव. राहिलं हायवेपलीकडचं. त्याला चहूबाजूंनी कुंपण आहे आणि ये-जा करायला एकच फाटक. पार्क लांब पडेल, तरी तेच घ्यावं असं माझं मत.

मी तिथे फोनही केला. दाराला वरच्या बाजूला कडी आहे का, फाटकावर चोवीस तास माणूस असतो का, असं विचारलं. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. म्हणाली, “सर, सोबत लहान मुलं आहेत का?”

मी “हो” म्हणालो.

पण अंतरा-अद्वयसाठी विचारत नव्हतो मी.

फेब्रुवारीत एकदा आई कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरली, ती जेवायची वेळ झाली तरी परत आली नाही. मी सगळा बाजार पालथा घातला. मग आंबिवलीहून फोन आला, तिच्या शाळेतून. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तिला! पण कल्याणहून गाडी पकडून बरोबर शाळेत पोचली होती, थेट चौथीच्या वर्गात. तो वर्ग सध्या करिश्माकडे असतो. आईचीच जुनी विद्यार्थिनी. तिने कसलाही गाजावाजा केला नाही. मुलांना म्हणाली, “ह्या माझ्या बाई. आज तुम्हाला शिकवणार आहेत.” आणि बाहेर येऊन मला फोन लावला.

मी पोचलो तेव्हा आई फळ्यापाशी उभी राहून कविता शिकवत होती. एक शब्द अडत नव्हता. मला दारात बघून म्हणाली, “अहो, तुम्ही इथे कसे? शाळा सुटायला अवकाश आहे अजून.”

येताना रिक्षात मात्र माझी बाही घट्ट धरून बसली होती.

डॉक्टरांना दाखवलंय. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते लिहायला हात धजत नाही, भेटलीस की सांगेन. गोळ्या चालू आहेत. बरेचसे दिवस चांगले जातात. स्वयंपाक करते, शब्दकोडं सोडवते. मग एखाद्या दुपारी साखर कुठल्या डब्यात आहे ते आठवत ओट्यापाशी नुसती उभी राहते. मी डबा काढून देतो. तुला कळलं की हे सगळं खरंच होऊन बसेल, असं काहीसं मला वाटत राहिलं.

इथवर सकाळी लिहून ठेवलं होतं. दुपारी आम्ही गवार मोडत बसलो होतो, तेव्हा आईच म्हणाली, “ऋजूला सांगितलंत का?”

“काय?”

“माझं. हल्ली तुम्ही दाराला आतून कुलूप लावता. दिसतं मला.”

मी गवारीची पुढची शेंग उचलली.

“आणि फोनवर चौकशी करत होतात ते हायवेवालं हॉटेल कशाला? पोरं मजा करायला चाललीत की हवापालटाला?”

“तिथे बरं पडेल, सुमेधा. आतल्या हॉटेलात गर्दी फार. त्यात तू जर—”

“हरवले तर शोधा. तुम्ही आहात, ऋजू आहे, सलिलराव आहेत. मला आतलंच हवंय. सकाळी उठून समोर पाळणे बघितल्यावर अद्वय कसा ओरडतो, ते बघायचंय मला.”

मग शेंगेची शीर काढत, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, “पुढच्या वर्षी मला यातलं काही आठवेल असं नाही. पोरांना आठवेल ना, आजी बरोबर होती ते?”

मी पाणी प्यायला म्हणून उठलो, तो बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिलो.

तर ऋजू, आतलंच हॉटेल घ्या. दोन खोल्यांच्या मधे दार असतं, तशा खोल्या मिळतात का बघा, म्हणजे हाक मारली तर तुला ऐकू येईल. खालच्या मजल्यावर मिळाल्या तर उत्तम. तिच्या पर्समध्ये आपले फोन नंबर ठेवणार आहे, ती हो म्हणाली आहे. अंतराला तू तुझ्या पद्धतीने सांग, कळण्याइतकी मोठी झाली आहे ती. आणि त्याआधी एकदा ये. घाबरून धावत नको येऊस, जेवायला ये.

हे पत्र आता आईने वाचलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि आता माझ्याकडे पेन मागते आहे.

तुझे,
बाबा

ऋजू, मोठ्या पाळण्यात अंतराशेजारी मी बसणार, आत्ताच सांगून ठेवते. बाबांना खालीच उभं करा, त्यांना चक्कर येते. हे वाचून रडू नकोस. रडू आलंच तर इकडे निघून ये, एकटी बसून रडू नकोस.
— तुझी आई