प्लॅन पहिल्या फटक्यात मंजूर

४ जानेवारी २००९, रविवार
नव्या वर्षाचे संकल्प: साखर बंद. रोज चालणं. अरबी शिकायचं, निदान आकड्यांच्या पुढे जायचं. आणि आजचं काम आजच.

मंदी जोरात आहे. शेजारचे संजय गेल्या आठवड्यात पुण्याला परत गेले, कायमचे. दुबईतली त्यांची बांधकाम कंपनी एका ईमेलमध्ये खलास. जाताना ट्रेडमिल आम्हाला देऊन गेले. मला भीती नाही. इमारती थांबतात, शाळा थांबत नाहीत. आमची कंपनी इथल्या सरकारी शाळा कंत्राटावर चालवते. दर वर्षी प्रत्येक शाळेचा प्लॅन लिहायचा, शिक्षण खात्याने तो मंजूर करायचा, मग त्या शाळेला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, निधी. आणि प्लॅन लिहितो कोण? मॅनेजर, स्कूल प्लॅन्स. त्यातल्या एका शाळेचा म्हणजे मी.

सुनेत्राला म्हटलं, अशा काळात माझ्यासारख्या माणसाला कोण हात लावणार? ती म्हणाली, इन्शाल्ला. टोन आवडला नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
माझ्याकडे असलेल्या शाळेला भेट. शहराबाहेर, पार वाळूच्या कडेला. प्रिन्सिपल शहरबानू मॅडम, मूळच्या हैदराबादच्या. कडक बाई. चहा दिला, पण बसा म्हणाल्या नाहीत. थेट इमारतीच्या मागच्या बाजूच्या वर्गात घेऊन गेल्या.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा वर्ग. सहा मुलं. शिक्षिका अनुपमा, आपली मराठी मुलगी, रास अल खैमात वाढलेली. वडील तिथल्या सिमेंट फॅक्टरीत. तिचं अरबी इतकं सफाईदार की मी उगाच खिशातला मोबाइल काढून पाहत राहिलो. हा वर्ग अजून कुठल्याच प्लॅनमध्ये नाही. आतापर्यंत शाळेच्या इतर खर्चातून चालवला, यंदा ते शक्य नाही. प्लॅनमध्ये आला तर वर्ग राहील आणि अनुपमाची नोकरीही. नाही तर जूनमध्ये दोन्ही बंद.

एक छोटी मुलगी, मौझा. अनुपमाने तिचा तळहात माझ्या गळ्यावर ठेवला आणि मला बोलायला सांगितलं. आवाज हाताला कळतो म्हणे. म्हटलं, तुमचा वर्ग प्लॅनमध्ये येणार म्हणजे येणार. मौझा हसली. तिला मराठी कळत नाही, पण अनुपमाला कळतं. म्हणाली, थँक यू सर.

शहरबानू मॅडम म्हणाल्या, देखिए दत्तप्रसादजी, बच्चों के सामने बोला है आपने. मी म्हटलं, मॅडम, हो गया समझिए.

परत येताना फार बरं वाटलं. असं काम करायलाच तर माणूस शिकतो.

२७ जानेवारी, मंगळवार
प्लॅन सुरू केला. म्हणजे मागच्या वर्षीची फाइल उघडली आणि २००८ च्या जागी २००९ केलं. मोठं काम असं टप्प्याटप्प्यानेच होतं.

मागच्या वर्गाचं पान बाकी आहे. त्याला खूप कागद जोडावे लागतात: प्रत्येक मुलाचा डॉक्टरी दाखला, खोलीचा नकाशा, शिक्षिकेची पदवी. म्हणजे पुन्हा शाळेत जाणं आलं. पुढच्या आठवड्यात.

साखर: फक्त ऑफिसच्या चहात. तो धरत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
प्लॅन द्यायचा शेवटचा दिवस. सकाळीच कळलं. म्हणजे महिनाभर माहीत होतं, पण आज नीट कळलं.

आमचा पीआरओ मुनीर, मलबारचा, कागद खात्यात पोचवतो. दारात उभा राहून गाडीची किल्ली फिरवत होता. यल्ला हबीबी, एक बजे काउंटर बंद. मागच्या वर्गाचं पान होतं, दाखले नव्हते. दाखल्यांशिवाय पान दिलं तर खातं शंका काढणार, सगळा प्लॅन अडकणार, संपूर्ण शाळेचा निधी अडकणार. चारशे मुलांचा विचार करायचा की सहांचा? अशा वेळी मॅनेजरला निर्णय घ्यावा लागतो.

पान काढलं. तात्पुरतं. नंतर दुरुस्ती पाठवता येते, तशी सोय आहे. पुढच्या आठवड्यात दाखले आणतो, दुरुस्ती पाठवतो, कोणाला कळायच्या आत सगळं जागेवर.



१० मार्च, मंगळवार
मंजूर! एकही शंका नाही! आमचे बॉस उल्हाससर स्वतः केबिनबाहेर आले. कंपनीच्या बाकीच्या सगळ्या शाळांचे प्लॅन शंका काढून परत आले, माझाच पहिल्या फटक्यात पास. सगळ्यांसमोर म्हणाले, दत्ता, हे असं काम हवं. केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

केक खाताना सारखं वाटत होतं, गळ्यावर कोणीतरी हात ठेवलाय. टाय सैल केला.

११ मार्च, बुधवार
अनुपमाचा फोन. प्लॅन मंजूर झाल्याचं तिला शाळेत कळलं. सर, खूप खूप आभार, म्हणाली. मुलांनी तुमच्यासाठी चित्र काढलंय. मी म्हटलं, अगं, त्यात काय एवढं. हे मी खरंच म्हणालो. त्यात काय एवढं.

फोन ठेवल्यावर ठरवलं: दुरुस्ती उद्या. अगदी उद्या.

२० मार्च, शुक्रवार
सुट्टी. गुरुवार फार धावपळीत गेला, मग उद्या शनिवार, खातं बंद. रविवारी.

घरी चित्र आलं, मुनीरच्या हातून. सहा हात, मध्ये एक जाड माणूस, बहुतेक मी. मिहिकाने, आमच्या तेरा वर्षांच्या लेकीने, ते फ्रिजवर लावलं. पप्पा, यू आर लाइक अ हीरो, म्हणाली. मी चुंबक नीट नाही या सबबीवर ते काढून कपाटात ठेवलं. सुनेत्राने पाहिलं. तोच चुंबक फ्रिजवर लावून दाखवला. घट्ट बसला.

५ एप्रिल, रविवार
शहरबानू मॅडमचा फोन. उचलला नाही, मीटिंगमध्ये होतो. मीटिंग माझ्या एकट्याचीच होती, पण मीटिंगच.

मला गिल्टी वाटत नाहीये. वाटायचं कारणच नाही. पान मी ठेवलंय, काढून टाकलेलं नाही. कॉम्प्युटरवर आहे. फक्त डोळा लागला की मौझा येऊन तळहात पुढे करते, आणि मला काही बोलता येत नाही.

ट्रेडमिलवर आज दहा मिनिटं. सुरू न करता, पण उभा होतो.

२२ एप्रिल, बुधवार
अखेर सुनेत्राला सांगितलं. कामाचा एक छोटा मुद्दा राहिलाय अशा पद्धतीने सांगितलं. तिने भाजी परतणं थांबवलं. म्हणाली, अहो, त्या मुलीची नोकरी जाईल ना? मी म्हटलं, दुरुस्ती पाठवणारच आहे. ती म्हणाली, मग तिला आत्ता फोन करा. मी म्हटलं, आत्ता तिचा क्लास असेल. संध्याकाळचे सहा वाजले होते. मिहिका टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, पप्पा, जस्ट टेल हर यू मेस्ड अप. इट्स नॉट दॅट हार्ड.

मुलांना मोठ्यांची जबाबदारी समजत नाही.

फोन लावला. अनुपमाने उचलला. मुलांचे आवाज मागे. मी विचारलं, तब्येत कशी आहे? ती म्हणाली, छान. मी म्हटलं, उन्हाळा फार आहे, काळजी घे. ठेवला.

१७ मे, रविवार
आज ठाम निर्णय. दुरुस्ती पाठवायची आणि उल्हाससरांना सगळं खरं सांगायचं. ओरडतील, ओरडू देत. माणसाने चूक केली तर छातीठोकपणे मान्य करावी.

उल्हाससरांच्या दारापर्यंत गेलो. आत सर कोणाला तरी म्हणत होते, अजून दोन माणसं कमी करावी लागतील. आजचा दिवस योग्य नाही असं वाटलं. वळलो. त्यांनी आतून हाक मारली, दत्ता, काही काम होतं? म्हटलं, नाही सर, सहज.

दाखले आणायला या आठवड्यात नक्की शाळेत जातो.

९ जून, मंगळवार
शाळेत गेलो. मनाशी पूर्ण भाषण तयार होतं. अनुपमा, माझ्या हातून तुझा वर्ग प्लॅनमध्ये घालायचा राहिला, मला माफ कर. गाडीत चार वेळा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा छान जमलं.

वर्गात नवी टेबलं. भिंतीला नवा रंग. मौझा धावत आली. मी अनुपमाला बाजूला घेऊन म्हटलं, एक सांगायचंय. ती म्हणाली, सर, मला माहीत आहे.

मंजूर प्लॅनची प्रत शाळेला मार्चमध्येच आली होती. शहरबानू मॅडमनी त्याच दिवशी वाचली. वर्ग नाही. त्यांनी माझ्या दुरुस्तीची वाट पाहिली. फोन केले. मग एप्रिलमध्ये त्यांनी आणि अनुपमाने मिळून दुरुस्ती लिहिली, दाखले जोडले. मुनीरने ती खात्यात पोचवली आणि मला सांगितलं नाही, कारण मॅडमनी सांगू नको म्हटलं. दुरुस्ती गेल्या आठवड्यात मंजूर झाली. वर्ग राहिला. अनुपमाही राहिली.

मी विचारलं, मग मला एवढे दिवस का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सर, तुम्ही फोन दर वेळी इतक्या लवकर ठेवायचात. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बाहेर शहरबानू मॅडम भेटल्या. त्यांना म्हटलं, मॅडम, आय ॲम सॉरी. त्या म्हणाल्या, मुझे भी अफ़सोस है. मला वाटलं, उगाच मोठेपणा दाखवताहेत.

११ जून, गुरुवार
उल्हाससरांनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

दुरुस्तीची अट अशी की शाळेची एकूण रक्कम वाढत नाही. वर्ग आत आणायचा तर दुसरं काहीतरी बाहेर काढायचं. शहरबानू मॅडमनी ‘हेड ऑफिस समन्वय’ ही ओळ काढली. त्या ओळीत एकच माणूस होता. सर म्हणाले, दत्ता, मी तिथे सही केली, मंदी आहे, आणि तुझा पगार त्याच ओळीतून होता. मॅडमचा अफ़सोस आत्ता कळला.

शेवटचं काम म्हणून त्यांनी दुरुस्त केलेला प्लॅन एकदा नजरेखालून घालायला दिला. मागच्या वर्गाचं पान पहिल्यांदा नीट वाचलं. सुरेख लिहिलंय. प्रत्येक मुलाला काय ऐकू येतं, काय येत नाही, आणि एका वर्षात कुठवर येईल. चूक शोधली, सापडली नाही. तरी एक स्वल्पविराम घातला.

मुनीरने तो खोडून पान परत आणून दिलं. म्हणाला, हबीबी, मंजूर हो गया है. अब इसमें कुछ नहीं डाल सकते.