खुर्चीवरचा कोट

२ जानेवारी

आज रुजू झालो. नगरपालिकेचा इमारत सुरक्षा विभाग, हुद्दा तपासनीस. या वयात कोणी नवी नोकरी देतं हेच नवल. त्यात बायकोलाही इथल्याच शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. म्हणजे वर्षानुवर्षं शनिवार-रविवारपुरता चालणारा आमचा संसार आता रोज चालणार. तो झेपेल का, हे पाहायचं. सहा महिने चाचणीचे, ते नीट गेले की कायम. निघताना बायकोने बजावलं की इथे तरी जिभेला आवर घाला. मागच्या ठिकाणी साहेबांना शोभेची वस्तू म्हणालात, ते मी अजून निस्तरतेय.

खोली उत्तम. उत्तरेला खिडकी, टेबलाचे चारही पाय जमिनीला टेकलेले, खुर्ची हातांची. इथली एक गंमत मात्र लिहून ठेवायला हवी. या कचेरीत खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. अधिकारी बाहेर निघाला की अंगातला कोट काढून खुर्चीच्या पाठीला चढवतो. कोणी चौकशी केली की शिपाई सांगतो, साहेब इथेच आहेत, कोट नाही का दिसत. हेडक्लार्कबाईंनी हे मला अशा चेहऱ्याने समजावलं की जणू गॅसची शेगडी कशी बंद करायची ते सांगताहेत. मोठे साहेब फेरीला आले आणि खुर्ची मोकळी दिसली, तर कामात कसूर असा शेरा पडतो. मी विचारलं, कोट आहे आणि माणूस नाही, तर? बाई म्हणाल्या, मग कसूर कसली.

बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसलो. मेव्हण्याने दिलेला राखाडी कोट, तसाही काखेत काचतो, चढवून टाकला खुर्चीवर. रेकॉर्डच्या खोलीत खुंटीला एक तपकिरी कोट लोंबतोय, तो माझ्या आधीच्या तपासनिसांचा म्हणे. माणूस कसा होता विचारलं, तर बाईंनी नाक मुरडलं. दिवसभर खुर्चीला चिकटलेला, कामाच्या नावाने ठणठणाट. निवृत्त झाला त्या दिवशी निरोपाचा हार घालतानाही तोंडातून शब्द नाही.

५ जानेवारी

पहिली खरी तपासणी, आणि नेमकी बायकोच्या शाळेची. सभागृहाच्या वर लाकूड-लोखंडाची जुनी गॅलरी आहे. समारंभात वरच्या वर्गांची मुलं तिथे बसतात. खालून शिडी लावून पाहिलं, तर दोन तुळया भिंतीत जिथे शिरतात तिथे भेगा. रंगवाल्याने त्यांच्यावर इतक्या प्रेमाने रंग फासलाय की भेगांनाच लाजल्यासारखं व्हावं.

दोन्ही भेगांवर काचेच्या पट्ट्या आडव्या बसवल्या, टोकं सिमेंटमध्ये पक्की. भेग हलली की काच तडकते. खोटं बोलता न येणारा असा दुसरा कर्मचारी या नगरपालिकेत नसावा. चोवीसला शाळेचा वार्षिक समारंभ आहे. तोवर काचा काय म्हणतात ते पाहू.

९ जानेवारी

आज चहाच्या वेळी माझा सत्कार झाला. कर विभागातल्या मिश्यावाल्याने भाषण ठोकलं की नवे साहेब रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला तोच त्यांनी आधीच्या साहेबांचा विक्रम मोडला. मग मला एक उशी भेट देण्यात आली. मी उशीचा साभार स्वीकार करून म्हणालो की झोपेचं साहित्य सरकारी खर्चाने मिळणारा मी पहिलाच. सगळे हसले.

नंतर शिपायाला बाजूला घेऊन विचारलं. त्याने सांगितलं ते असं. काल जिन्याच्या कठड्याची तक्रार घेऊन एक बाई आल्या होत्या. मी मान खाली घालून बसलेला, कोट अंगात. त्यांनी तीनदा हाक मारली, मी वर पाहिलंही नाही.

काल मी दिवसभर बाजारातल्या गाळ्यांच्या छपरांवर होतो. अजून पोटऱ्या दुखताहेत.

१२ जानेवारी

पहिली काच तडकली. आरपार.

धावत कचेरीत येऊन मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो. गॅलरी आजच बंद करायला हवी, समारंभ खालीच घ्या, असं स्वच्छ सांगितलं. ते फाइलीत काहीतरी खरडत राहिले. पुन्हा सांगितलं. मग त्यांनी घंटी वाजवून शिपायाला विचारलं की दारातून वारं कुठून येतंय.

मोठ्या साहेबांचा खवचटपणा ऐकून होतो, पण याला तोड नाही. मुकाट्याने स्वतःच शाळेत गेलो, गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं, त्यावर पाटी लावली.

तिथे एक गृहस्थ होते. शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, खाली तपकिरी पँट, हातात टेप. जिन्यालगतच्या दुसऱ्या काचेला नाक लावून उभे. मला पाहून इतके चकित झाले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. कोण तुम्ही म्हणून विचारणार, तेवढ्यात मधल्या सुटीची घंटा झाली आणि जिन्यात मुलांचा लोंढा. पोरं त्यांच्या अंगावरून गेली. कोणी बाजूला झालं नाही.

१४ जानेवारी

कारणे दाखवा नोटीस. रुजू झाल्यापासून एकही पाहणी केली नाही, नागरिकांशी बोलत नाही, दिवसभर जागेवर निष्क्रिय बसून असता, सबब कर्तव्यात कसूर. माझ्या चपलांचे तळ झिजले आणि हे म्हणतात निष्क्रिय.

नोटीस टेबलावर, कोटासमोर ठेवली होती. त्याच्यासमोरच चहाचा कप. रिकामा.

बाईंना म्हणालो, अहो, मी इथे उभा आहे, तो नुसता कोट आहे. बाई कोटाकडे बघून मिश्यावाल्याला म्हणाल्या की नोटीस मिळाली तरी ढिम्म, याच्या अंगात रक्त आहे की पाणी.

मग मी कोटच उचलायला गेलो. काखेत हात घातला.

उबदार होतं. आणि आत काहीतरी होतं.

१६ जानेवारी

शाळेत गेलो. माझं कुलूप काढलेलं, पाटी गायब. मुख्याध्यापिका शिपाईमामांकडून गॅलरीतल्या बाकांवरची धूळ पुसून घेत होत्या. त्या कोणाला तरी सांगत होत्या की तपासनीस साहेबांनी काल मंजुरी दिली. गॅलरी सुरक्षित. सही-शिक्क्यासकट.

सही माझी आहे. पाहिली मी. शेवटच्या अक्षराला मी देतो तो फालतू फराटासुद्धा तसाच.

आतापर्यंत कामात कसूर केली नव्हती. ती आता माझ्या नावावर झाली.

१७ जानेवारी

घरी बायकोला सांगायचं ठरवलं. ती शाळेत शिकवते, तिच्या वर्गाची मुलं वर बसणार, ती त्यांच्यासोबत. तिचं ऐकतील.

पोचलो तर जेवणं चालू होती. माझ्या जागेवर, माझ्याकडे पाठ करून, राखाडी कोट. ती वाढत होती आणि बोलत होती. मुख्याध्यापिकेचा स्वभाव, माझ्या सासूबाईंचे गुडघे, पडदे कुठल्या रंगाचे. मध्येच थांबून म्हणाली, "किती बरं वाटतं हो, हल्ली तुम्ही ऐकून घेता."

इतक्या वर्षांत तिने मला हे एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणायला मी जागा दिली नव्हती.

मी तिच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून सांगितलं. गॅलरी. तुळया. काच. तिने खांदा झटकला, डास बसल्यावर झटकतात तसा.

२० जानेवारी

दोर बांधला. शिपाईमामांनी सोडला. बाक आडवे टाकले, त्यांनी सरळ केले. भिंतीवर खडूने धोका लिहिलं, रंगवाल्याने वर हात मारला. मी कोणाच्या नजरेला येत नाही, पण माझं काम बरोबर सगळ्यांच्या डोळ्यात खुपतं.

तपकिरी पँटवाल्याशी बोललो. ते ऐकतात. एकटे तेच. म्हणाले, ही गॅलरी त्यांनी पहिल्या वर्षीच धोक्याची ठरवली होती. बाजारातली छपरंही. गेली कित्येक वर्षं ते रोज फिरतात, मोजतात, सांगतात. निवृत्तीचा हार कोटाच्या गळ्यात पडला, तेव्हा ते खालच्या अंगणात उभे राहून खिडकीतून बघत होते.

मी विचारलं, कोट परत अंगात घालता येतो का. ते म्हणाले, "रिकामा असता तर आला असता."

२२ जानेवारी

कचेरीत गेलो. शेवटचं. दोन्ही हातांनी कॉलर धरून ओढलं. खुर्ची करकरली. बाईंनी वर पाहिलं, म्हणाल्या साहेब, बरं वाटत नाही का. बाहीतून हात बाहेर आला आणि नको नको असा हलला. मेव्हण्याच्या लग्नात कापलेला अंगठा. तोच व्रण.

माझ्या अंगठ्यावर आता काही नाही. गुळगुळीत.

नोटीस मागे घेतली म्हणे. वागणूक समाधानकारक, तक्रार नाही. कायम होणार.

२४ जानेवारी

गॅलरीच्या दारात उभा राहून लिहितोय. लिहिलं तर निदान—

तपकिरी पँटवाले खाली शिडीवर चढून पहिल्या तुळईला खांदा देऊन उभे आहेत. काही उपयोग नाही, त्यांना ठाऊक आहे. तरी उभे.

मुलं चढताहेत. दोन्ही हात पसरलेत मी. माझ्यातून—बाजूने—जाताहेत. बाक भरले. अजून येताहेत.

खाली पहिल्या रांगेत मोठे साहेब. शेजारी कोट. पाहुणा म्हणून बोलावलाय. छातीला फूल. बरोब्बर गॅलरीखाली नाही, दोन खुर्च्या बाजूला. त्याला माहीत आहे.

ही आली. मुलांची रांग पुढे घालून. निळी साडी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. इकडेतिकडे बघतेय. मी तिच्या नावाने ओरडतोय, मागच्या साहेबांवर ओरडलो त्याच्या दसपट—

थांबली आहे. कपाळाला आठी. माझी बडबड सुरू झाली की पडायची तीच आठी. देवा, चिडू दे तिला, माझ्यावर चिडू दे. मुलांना म्हणाली, थांबा जरा. हात आडवा धरलाय. खाली कोटाकडे बघितलं. पुन्हा इकडे, माझ्या तोंडाकडे—

"अहो?"

हो. हो, मीच. मागे फीर, पोरांना घेऊन मागे—आतल्यांना बाहेर काढ, आधी कडेच्या बाकावरची—

खालून कोट उठला. मान वर करून तिला हात करतोय. या, बसा म्हणून. ती त्याच्याकडे—नको, इकडे बघ, इकडे—

दुसरी काच